वावर विकायचं की आजार अंगावर काढायचा?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि सरकारी आरोग्य योजनांत कोणता उपचार बसवायचा हे ठरवणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४१, उंची १५४ सेंटिमीटर, वजन १०६ किलो. उंचीच्या मानानं वजन किती हे दाखवणारा बीएमआय म्हणून जो आकडा काढतात तो माझा ४४ च्या वर जातो. शुगर जुनी आहे, आता इन्सुलिनवर आले आहे. रात्री झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे दिवसभर डोळ्यांवर झापड असते. गुडघे असे झाले आहेत की अंगणवाडीत लेकरांसोबत खाली बसले तर उठायला मदतनीस ताईंचा हात लागतो. बाईमाणसानं हे असं जाहीर लिहावं का, असं घरच्यांनी विचारलं. पण आकडे झाकून हे पत्र लिहिता येत नाही. सेविका म्हणून माझी काही तक्रार नाही. हे पत्र रुग्ण म्हणून आहे.

डॉक्टरांनी मला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. दुर्बिणीतून जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. तिला स्लीव्ह म्हणतात. जठराचा जो भाग जातो तिथेच भूक लावणारं संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून नुसती जागा कमी होत नाही, भूकही उतरते. शुगरवर या शस्त्रक्रियेचा परिणाम मोठा असतो. काहींचं इन्सुलिन सुटतं. धोकेही आहेत. टाक्यांतून गळती होऊ शकते, पायात रक्ताची गाठ होऊ शकते, काही वर्षांनी वजन पुन्हा चढू शकतं. हे सगळं मला नीट समजावून सांगितलं गेलं आणि विचार करून मी हो म्हटलं. खासगी दवाखान्यानं खर्च सांगितला साडेतीन लाख. तेव्हापासून घरात एकच विषय आहे, पैसा आणायचा कुठून.

आमचं चार एकर कोरडवाहू वावर आहे. पराटी म्हणजे कापूस, मधे तुरीचे तास. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. या भावानं साडेतीन लाख म्हणजे ४३ क्विंटल कापूस, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचाई यांचा एक रुपयाही वजा केलेला नाही. पाऊस मनासारखा पडला आणि बोंडअळी आली नाही, तरी आमच्या वावरात त्याच्या निम्माच निघतो. बरं, हमीभावानं विकायला केंद्र उघडायची वाट पाहावी लागते. उधारीवाला तेवढा थांबत नाही.

मग एकेक मार्ग घरात बोलून झाला. एक एकर विकायचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वावर इकून पोट कापून घेतं काय वं बाई? खानं कमी कर नं." मला त्यांचा राग नाही आला. त्यांच्या माहेरचं वावर दवाखान्यापायीच गेलं होतं, आणि गेलेलं वावर परत येत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलगी बारावीत आहे. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी म्हणून ज्या तुकड्याकडे आम्ही पाहत आलो, तोच तुकडा हा आहे.

पीक कर्जाचं म्हणाल, तर ते सगळ्यात सोपं दिसतं आणि सगळ्यात जास्त खड्ड्यात घालतं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज लागत नाही. पण पेरणीचा पैसा दवाखान्यात भरला, तर पेरणीसाठी दुसरीकडून उचल करावी लागणार. कर्ज मुदतीत फिटणार नाही, सवलत जाणार, खातं थकीत होणार, आणि पुढच्या मिरगाला बँक दारात उभं करणार नाही. मग गावातल्या सावकाराकडेच जावं लागतं. विदर्भात ही वाट कुठे जाते हे आपल्याला मी सांगायची गरज नाही.

बचत गटाचा पैसा गटातल्या दहा-बारा बायकांचा असतो. कोणाची पोरीची फी, कोणाची शेळी. माझ्या एकटीच्या पोटासाठी सगळा गट रिकामा करणं मला पटलं नाही. अंगावरचं सोनं म्हणजे मंगळसूत्र आणि कानातलं. त्यात तपासण्यांचा खर्च निघेल. राहिला दवाखान्यातच टेबल मांडून बसलेला हप्त्यांवर पैसे देणारा माणूस. त्यानं महिन्याचा हप्ता सांगितला, प्रक्रिया शुल्क विचारल्यावर सांगितलं, आणि दोन हप्ते चुकले तर काय हे सांगितलंच नाही. आम्हाला महिन्याच्या महिन्याला पैसा येत नाही. सोयाबीनवाल्याच्या हातात दिवाळीला येतो, कापूसवाल्याच्या हातात दिवाळीनंतर पुढचे काही महिने. माझं मानधन घरखर्चात जिरतं. हे म्हणतात, "पैशाचं मी पाह्यतो, तू तब्येत पाह्य." पण रात्री ते जागे असतात, हे मला झोप लागत नाही म्हणून कळतं.

हा हिशोब आपल्यापुढे मांडला, कारण तो आमच्या एका घरापुरता नाही. आपण ज्या याद्या करता त्यांत हा उपचार कुठे बसतो याचा पत्ता नाही, म्हणून तो आमच्या ओसरीवर येऊन बसला आहे. आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार अशी की कोणी सरळ उत्तरच देत नाही. राज्याची आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आमच्या विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. या योजनेनं आमच्या गावातल्या लोकांची हृदयं, मूतखडे, कर्करोग सांभाळले. मी स्वतः लोकांना कार्ड काढायला लावते. पण माझ्या शस्त्रक्रियेचं विचारलं तर एका दवाखान्यात सांगितलं, असं पॅकेज नाही. दुसरीकडे म्हणाले, शुगर आहे ना, मग काहीतरी बसवून पाहू. तिसऱ्या ठिकाणी खिडकीवरच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि "ते ब्युटीचं आहे मॅडम" असं म्हणाला. 'बसवून पाहू' हे मला नको आहे. खोट्या नावाखाली झालेला उपचार उद्या माझ्याच अंगावर येईल. यादीत आहे की नाही, असेल तर कोणत्या अटींवर, नसेल तर का, हे मराठीत छापून प्रत्येक योजनेच्या खिडकीवर लावायला काय हरकत आहे?

दुसरी तक्रार त्या 'ब्युटी' शब्दामागच्या समजुतीची आहे, आणि माझ्या मनात सगळ्यात जास्त तीच सलते.

मी वर्षानुवर्षं गावातल्या लेकरांची वजनं घेत आले आहे. काट्यावर लेकरू ठेवलं, वजन कमी भरलं, की सरकार जागं होतं. मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये नोंद जाते, सुपरवायझर मॅडमचा फोन येतो, तीव्र कुपोषित असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती होते, आणि सोबत राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीचे पैसेही मिळतात. कोणी त्या आईला म्हणत नाही की तुझंच चुकलं, तूच निस्तर. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून या देशानं मान्य केलं आहे की बारीक राहिलेल्या लेकराचं वजन हा सगळ्यांचा प्रश्न आहे. मला या कामाचा अभिमान आहे. पण त्याच अंगणवाडीत मी काट्यावर उभी राहिले तर तो आकडा माझ्या एकटीचा होतो. माझ्या जिभेचा, माझ्या आळसाचा होतो.

आळस म्हणावा तर मी पहाटे पाच वाजता उठते. खाणं कमी करून पाहिलं, भात सोडला, चालणं केलं. वजन उतरतं आणि परत चढतं. डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं ते मला कोणी आधी सांगायला हवं होतं. वजन घटलं की शरीर भुकेची संप्रेरकं वाढवतं आणि ऊर्जा खर्च करणं कमी करतं. वजन एका मर्यादेपुढे गेलं की नुसत्या निश्चयावर ते उतरवून तिथेच ठेवणं फार थोड्यांना जमतं. यात चारित्र्याचा संबंध नाही.

२३ फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणावर बोलून खाण्याचं तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं. चांगलं सांगितलं. मी ते गावातल्या बायकांना सांगितलं, घरीही केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. त्यांतल्या बऱ्याच जणांना तेल कमी करून, चालून फायदा होईल. पण ज्यांचा आजार त्या टप्प्याच्या पुढे गेला त्यांना काय? हृदयाच्या रुग्णालाही आपण तेल कमी करायला सांगतो, आणि गरज पडली की त्याची बायपास योजनेत करून देतो. तिथे कोणी म्हणत नाही की आधी तेल सोडून दाखव.

तिसरी तक्रार सरकारी रुग्णालयांची. नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे; यवतमाळ, अकोला, चंद्रपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अमरावतीला सुपर स्पेशालिटी आहे. विदर्भात सर्जन नाहीत असं कोणी म्हणू नये. मी एका सरकारी रुग्णालयात गेले होते, नाव लिहीत नाही कारण तिथल्या डॉक्टरांनी माझ्याशी माणुसकीनं बोलून अर्धा तास दिला. ते म्हणाले, हात आमचे आहेत, पण जठर कापून शिवणारं स्टेपलर आणि त्याची काडतुसं तुम्हाला बाहेरून आणावी लागतील. एका शस्त्रक्रियेला अशी अनेक काडतुसं लागतात आणि खर्चाचा मोठा भाग तोच असतो. म्हणजे सरकारी रुग्णालयात खाट फुकट, डॉक्टर फुकट, आणि ज्याच्यावाचून शस्त्रक्रिया होतच नाही ते विकत.

जाता जाता एक लहान गोष्ट. ग्रामीण दवाखान्यात माझा बीपी मोजायचा पट्टा दंडाला पुरत नाही. लहान पट्ट्यावर बीपी खरा असतो त्याहून जास्त दिसतो. त्यावर गोळ्या ठरतात. मोठा पट्टा काही लाखांचा येत नाही.

चौथी गोष्ट धर्मादाय रुग्णालयांची. कायदा आहे, उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. रुग्णालयानं बिलांच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची असते. हे मला कुठल्या रुग्णालयाच्या फलकावर वाचायला मिळालं नाही, वकिली शिकणाऱ्या पुतण्यानं सांगितलं. आमचं उत्पन्न दुर्बल घटकात बसतं. तिथे औषधं आणि वापरून टाकायच्या साहित्याचा निदान निम्मा खर्च रुग्णानं द्यायचा असतो. आता ज्या शस्त्रक्रियेत साहित्यच सगळ्यात महाग, तिथे निम्म्याचंही ओझं केवढं होतं ते पाहा.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण तो कायदा आपल्या हातात पूर्ण नाही. विमा नियामकानं २०१९ मध्ये ठरवलेल्या अटींनुसार बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारी शुगर असेल, तर ही शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येत नाही. म्हणजे विमा नियामकानं तिला उपचार मानलं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतही ठरावीक अटींवर ती मिळते. मग त्याच बीएमआयची बाई यवतमाळच्या खेड्यात राहते आणि कापूस पिकवते म्हणून तिच्यासाठी ती हौस कशी होते? ४० आणि ३५ हे आकडे तर अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेले. ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक जागतिक, २०२२ मध्ये ते खाली आणले आणि आशियातल्या लोकांसाठी २७.५ पासून विचार करा असं सांगितलं, कारण आपल्या लोकांना शुगर कमी वजनावरच गाठते. मी इतकं खाली या म्हणत नाही. निदान जुन्या आकड्यांत बसणाऱ्यांना तरी दार उघडा. आणि आमच्यासारखे लोक आत्ता पॉलिसी काढायला गेले, तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. इन्सुलिनवरच्या माणसाला तीन वर्षं लहान नसतात.

शेवटची तक्रार शस्त्रक्रियेनंतरची, आणि ती कोणी मोजतच नाही. पोट लहान झालं की बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, तीही लहान लहान घासांनी. पहिल्या वर्षात ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं, नंतर दरवर्षी. आमच्या गावातल्या बायकांचं रक्त आधीच कमी असतं. अशा बाईचं जठर कापून तिला गोळ्यांशिवाय परत पाठवलं, तर एक आजार घालवून दुसरा लावल्यासारखं होईल. दर वेळी नागपूरला जायचं म्हणजे गाडीभाडं, दोघांची मजुरी आणि दिवस बुडतो. हळूहळू बाई जाणं सोडते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलता येत नाही, आणि वेचाईच्या दिवसांत घरातली एक बाई बसली तर तिची जागा मजूर लावूनच भरून काढावी लागते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, अशा प्रौढ रुग्णांची ही शस्त्रक्रिया राज्याच्या आरोग्य योजनेत स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पॅकेजसह असावी. गैरवापराची भीती असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांची समिती मंजुरी देऊ द्या. आम्ही रांगेत उभे राहू. सुरुवातीला ती फक्त सरकारी रुग्णालयांत केली तरी चालेल, पण विदर्भात किमान दोन ठिकाणी, आणि स्टेपलरसह सगळं साहित्य सरकारनं घेतलेलं असावं. सरकारनं एकत्र खरेदी केली तर ते आम्हाला मिळतं त्याहून नक्कीच स्वस्त पडेल.

पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेनंतरची तपासणी आणि जीवनसत्त्वं धरा. तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी, गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाव्यात. आशाताई आणि आम्ही सेविका त्याचा पाठपुरावा करू. गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्यांचा करतोच.

धर्मादाय रुग्णालयांनी किती खाटा राखीव, आज किती रिकाम्या आणि कोणत्या शस्त्रक्रियांना सवलत, हे दर्शनी भागात मराठीत लावावं. खासगी दवाखान्यांनी या शस्त्रक्रियेचा पूर्ण खर्च, साहित्यासह आणि पुढच्या वर्षभराच्या औषधांसह, लेखी द्यावा. हप्त्यांवर कर्ज देणाऱ्यांना दवाखान्याच्या आत टेबल मांडायला बंदी असावी. आजारी माणूस तिथे सही करतो ती घाबरून करतो.

आणि ज्यांना स्वतःचा वाटा भरायचाच आहे, त्यांना तो सुगीनंतर भरता यावा. हे काही मी नवं सांगत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९८० च्या दशकात आजूबाजूच्या गावांसाठी अशीच व्यवस्था केली होती. सुगीला लोक जवारी द्यायचे आणि त्यावर वर्षभराच्या दवाखान्याची सोय व्हायची. शेतकऱ्याकडे पैसा कधी असतो हे ओळखून केलेली योजना होती ती. आज जवारी कमी आणि कापूस-सोयाबीन जास्त आहे, पण सुगी अजूनही त्याच महिन्यांत येते.

मी माझ्या पैशाची सोय कशी करेन ते अजून ठरलेलं नाही. आपल्याकडून उत्तर येईपर्यंत एक एकराचा सौदा थांबवायचा असं आम्ही घरात ठरवलं आहे. पण शुगर थांबत नाही, म्हणून उत्तर लवकर हवं आहे, लेखी आणि मराठीत, होकार असो की नकार. नकार असेल तर त्याचं वैद्यकीय कारण त्यात लिहावं.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मी मांडणार आहे. मंजूर झाला तर त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत आपल्याकडे येईल. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात हाच हिशोब चालू आहे, त्यांनी आपापल्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. आजाराचा आकडा सांगायची लाज वाटत असेल तर नाव न सांगता मांडावा, पण मांडावा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
जिल्हा यवतमाळ